शेजाऱ्याचा सण आणि माळकऱ्याची निष्ठा

गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाने शेजारच्या मुसलमानाच्या घरी ईदेला जावे की न जावे? मोहरमचा ताबूत दारावरून निघाला तर उंबऱ्यापाशी उभे राहावे की दार लोटून घ्यावे? पारशी गृहस्थाने नवरोजाला शेव आणि दही पुढे केले तर घ्यावे की नुसते हात जोडावे? हे प्रश्न फडावर निघतात, वाटेत निघतात, रात्री मुक्कामाला पाठ टेकल्यावरही निघतात. आणि दर वेळी उत्तरे दोनच येतात. एकजण म्हणतो, "आपला विठोबा एक, आपली एकादशी एक. दुसरीकडे पाहायचेच कशाला?" दुसरा म्हणतो, "अहो, देव सगळा एकच. कुठेही जा, काहीही करा, काय बिघडते?" दोन्ही उत्तरे सोपी आहेत. पण शेजारधर्म ज्याला रोज पाळावा लागतो त्याचे काम या दोहोंपैकी एकानेही भागत नाही, असे आम्हाला वाटते. म्हणून हा विचार थोडा सावकाशीने करू.

हा प्रश्न केवळ बोलण्यापुरता नाही. इ. स. २०२२ साली १० जुलैला आषाढी एकादशी होती आणि त्याच दिवशी बकरी ईद होती. पुढच्या साली, २०२३ मध्ये, २९ जूनला पुन्हा तोच योग आला. २०२४ साली १७ जुलैला आषाढी आली ती मोहरमची दहावी तारीख घेऊन, आणि २०२५ साली ६ जुलैलाही तसेच घडले. चार वर्षे ओळीने आमचा सर्वांत मोठा दिवस आणि शेजाऱ्याचा मोठा दिवस एकाच सूर्योदयाला उगवले.

पुष्कळांना याचे नवल वाटले, पण यात चमत्कार नाही, हिशेब आहे. मुसलमानांचा महिना चंद्रकोर दिसली की सुरू होतो. कोर दिसते ती अमावास्या उलटल्यावर, बहुधा आपल्या प्रतिपदेच्या किंवा द्वितीयेच्या संध्याकाळी. तेव्हा त्यांची दहावी तारीख आपल्या शुद्ध दशमी-एकादशीच्या आसपासच पडणार. बकरी ईद जिल्हिज महिन्याच्या दहाव्या तारखेला आणि त्याच्या लगतच्या मोहरम महिन्याची दहावी तारीख म्हणजे आशुरा. आता त्यांचे वर्ष शुद्ध चांद्र, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. आपण मात्र सुमारे ३२-३३ महिन्यांनी अधिक मास धरून चंद्राला सूर्याच्या पायरीवर आणून उभा करतो. म्हणून त्यांचे सण ऋतूंतून फिरत राहतात आणि साधारण ३३ वर्षांत सारी प्रदक्षिणा पुरी करतात. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि आषाढाची गाठ जिल्हिजशी होती ती सुटून पुढच्या वर्षी मोहरमशी पडली. चंद्र एकच, दोन घरांनी त्याचा जमाखर्च दोन वह्यांत मांडला आहे, इतकेच.

पण गाठ पडली म्हणजे निवाडा करण्याची वेळ आली. एकादशीला ज्याच्या घरात अन्नही शिजत नाही, त्याच्या शेजारी कुर्बानी व्हायची! त्या दोन वर्षी महाराष्ट्रातल्या अनेक गावांत आणि खुद्द पंढरपुरात मुसलमान मंडळींनी आपण होऊन ठरवले की एकादशीच्या दिवशी नमाज करू, कुर्बानी नंतर करू. त्यांच्या शास्त्रात याला जागा आहे. कुर्बानी दहाव्या तारखेपासून बाराव्या तारखेपर्यंत करता येते. म्हणजे त्यांनी आपला धर्म मोडला नाही. पण पहिल्या दिवसाचा मान मोठा, घरात पोरेबाळे वाट पाहात असलेली, पाहुणे आलेले, आणि तो दिवस त्यांनी आमच्यासाठी सोडला. ही लहान गोष्ट नव्हे.

आमच्या मते खरा प्रश्न इथून सुरू होतो. शेजाऱ्याने आपल्या सणासाठी आपल्याला मान दिला. त्याचे आपण काय करायचे?

याचे उत्तर देण्याआधी मनातल्या दोन-तीन शंका काढून टाकल्या पाहिजेत.

पहिली शंका निष्ठेची. कोणी म्हणेल, परक्याच्या सणाला गेल्याने अनन्यता भंगते. अनन्यता म्हणजे काय, हे आधी पाहू. पतिव्रता स्त्री नवऱ्याच्या मित्राला पाणी देत नाही काय? दीर आला, शेजारी आला, तर त्याचे आदरातिथ्य करत नाही काय? तिची निष्ठा दाराच्या कडीत नसते. ती मनात असते, म्हणून तिला दार उघडता येते. ज्याची निष्ठा दार उघडताच उडून जाईल अशी भीती वाटते, त्याने आधी दाराची नव्हे, निष्ठेची डागडुजी करावी. माळकरी माणूस ईदेच्या दिवशी शेजाऱ्याच्या ओसरीवर बसून आला म्हणून त्याची माळ तुटत नाही. माळ तुटते ती खोटे बोलल्याने, कुणाचे लुबाडल्याने, एकादशी पोटात आणि द्वेष ओठात ठेवल्याने.

दुसरी शंका अधिक अवघड आहे आणि ती टाळून चालणार नाही. ती जीवहिंसेची. वारकरी जीवदया मानतो. बकऱ्याच्या गळ्यावर सुरी फिरलेली त्याला आवडत नाही, आणि ती आवडते असे त्याने कुणाला बरे वाटावे म्हणून सांगूही नये. पण इथे आपण जरा आपल्या घरात डोकावू. गावोगावच्या जत्रेत देवीपुढे, म्हसोबापुढे बकरी-कोंबडी पडतात ती कोण कापतो? आपलेच भाऊबंद. माळकऱ्याच्या घरात सगळेच माळकरी असतात असेही नाही. थोरला माळकरी, धाकटा खाणारा, अशी घरे आपल्याकडे किती आहेत! तेव्हा थोरला काय करतो? आपले ताट निराळे ठेवतो, आपली भाकरी निराळ्या तव्यावर भाजून घेतो, कधी त्या दिवशी नुसत्या दूध-भाकरीवर भागवतो. पण घर सोडत नाही, भावाशी बोलणे टाकत नाही, आणि भावाच्या ताटात थुंकत नाही. जी रीत आपण सख्ख्या भावापाशी पाळतो तीच शेजाऱ्यापाशी पाळायला काय हरकत आहे? आपल्या जत्रेतल्या बकऱ्याबद्दल गप्प आणि ईदेच्या बकऱ्याबद्दल मात्र कळवळा, ही जीवदया नव्हे. तिला दुसरे नाव आहे, ते ज्याचे त्याने ओळखावे.

ईदेच्या घरी गेल्यावर माळकऱ्याने साधेपणाने सांगावे, "दादा, मी माळकरी. माझ्यापुरता शीरखुर्मा द्या, दुसरे काही नको." एकादशी असली तर सांगावे, "आज माझा उपवास. नुसते बसून जातो." खेड्यातला मुसलमान हे ऐकून रागावलेला आमच्या पाहण्यात नाही. उलट तो स्वतंत्र भांडे काढतो, केळी आणून ठेवतो. कारण उपवास म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. रमजानचा महिनाभर त्याने दिवसा पाण्याचा थेंबही घेतलेला नसतो. आणि त्याच्याही सणात आमच्या माणसांना सहज समजेल असा दानधर्म आहे. रमजान ईदेच्या नमाजापूर्वी फितरा द्यायचा तो अशासाठी, की त्या दिवशी गरिबाच्या घरीही चूल पेटावी. कुर्बानीचे तीन वाटे करायचे, त्यातला एक गोरगरिबांचा, अशी रीत आहे. अन्नदान ज्याला कळते त्याला हे परके वाटू नये.

तिसरी गोष्ट, आणि हिच्याकडे फार दुर्लक्ष होते. दुसऱ्याच्या सणाला जायचे तर तो सण कसला आहे हे माहीत करून घ्यावे. मोहरमचेच पाहा. आमच्याकडे दक्षिण महाराष्ट्रात मोहरम म्हटले की पीर, पंजे, सवारी, वाघाचे सोंग, नवसाने फकीर झालेली पोरे, मलिदा आणि चोंगे हेच डोळ्यांपुढे येते. ढोल वाजतात, गर्दी लोटते, आणि पाहणाऱ्याला वाटते की ही जत्राच आहे. पण हा दिवस शोकाचा आहे. हिजरी सन ६१, म्हणजे इ. स. ६८० साली, इराकातल्या करबलेच्या मैदानात पैगंबरांचे नातू हुसेन आणि त्यांच्याबरोबरची माणसे पाण्यावाचून कोंडली गेली आणि दहाव्या दिवशी मारली गेली. त्या तहानेची आठवण म्हणून वाटसरूंना सरबत आणि पाणी पाजतात. शिया मंडळी रडतात, ऊर बडवून घेतात. पुष्कळ सुन्नी त्या दिवशी रोजा धरतात. ताबुताची मिरवणूक आपल्या धर्मात बसत नाही असे म्हणणारे मौलवीही त्यांच्यात आहेत. अशा दिवशी कुणाला हसत हसत "मोहरमच्या शुभेच्छा" देणे म्हणजे सुतकाच्या घरी पेढे नेणे होय. प्रेमाने गेला तरी जाणता जावे.

पारशांच्या पतेतीचेही तसेच. आपण त्या दिवशी "पतेती मुबारक" म्हणून मोकळे होतो. पण पतेत म्हणजे पश्चात्तापाची प्रार्थना, आणि पतेती हा वर्षाचा अखेरचा दिवस, सरत्या वर्षातल्या पापांची कबुली देण्याचा. त्याआधीचे मुक्तादाचे दिवस पितरांच्या स्मरणाचे. मुबारकी द्यायची ती दुसऱ्या दिवशी, नवरोजाला. आणि त्यांच्या घरचे धानसाक आपल्याकडे फार नावाजलेले, पण तो पदार्थ ते शुभदिनी करत नाहीत, कारण तो दुखवट्याच्या चौथ्या दिवसाशी जोडलेला आहे. नवरोजाला रवो, शेव आणि दही. हे ठाऊक नसलेला पाहुणा त्यांच्या दारात उभा राहून सणाला धानसाक मागतो, आणि यजमान बिचारा सभ्यपणाने हसतो.

या नवरोजाची कथाही मनोरंजक आहे. मूळ हा इराणातला वसंताचा सण, दिवस-रात्र समान होतात त्या दिवसाचा. इराणी लोक मुसलमान झाले तरी त्यांनी तो सोडला नाही. आजही तिथे घरोघरी नवरोज होतो. भारतासह सात देशांच्या विनंतीवरून २००९ साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या वारशात घेतले. आपल्याकडचे पारशी २१ मार्चला जमशेदी नवरोज करतात. पण त्यांच्यातल्या शहेनशाही पंचांगाचे वर्ष नेमके ३६५ दिवसांचे, त्यात चार वर्षांनी वाढणारा दिवस धरत नाहीत. त्यामुळे वर्षारंभ हळूहळू मागे सरकत वसंतातून निघून ऑगस्टच्या पावसात येऊन बसला. मुंबई-पुण्यातला पारशी छत्री घेऊन नववर्षाला अग्यारीत जातो तो म्हणून.

अग्यारीचे नाव निघाले म्हणून सांगतो. अग्यारीत पारशी नसलेल्याला आत जाता येत नाही. त्याचा जवळचा मित्रदेखील फाटकाबाहेर थांबतो. पण त्याच पारशाचे घर त्या दिवशी मित्राला उघडे असते. यात अपमान मानण्याजोगे काय आहे? काही दारे बंद आणि काही उघडी, अशी प्रत्येक घराची रचना असते. मोहरमच्या मिरवणुकीत कुणीही सामील होतो. ईदेच्या घरी सगळ्यांना बोलावणे, पण माळकऱ्याला सगळे खाता येत नाही. नवरोजाला देवघर बंद, माजघर उघडे. तीन सण, तीन तऱ्हा. ज्याने त्याने आपली मर्यादा सांगावी, दुसऱ्याची मानावी, आणि उरलेल्या जागेत मोकळेपणाने एकत्र बसावे. ती जागा वाटते त्याहून पुष्कळ मोठी असते.

म्हणूनच "सगळे एकच, काय बिघडते" हे बोलणेही आम्हाला पुरेसे वाटत नाही. ते ऐकायला गोड, पण त्यात आळस आहे. सगळे एकच म्हटले की शेजाऱ्याला समजून घेण्याचे कामच उरत नाही. नाथ महाराजांचे 'हिंदू-तुर्क संवाद' हे भारूड प्रसिद्ध आहे. त्यात दोघे एकमेकांच्या उणिवा काढून यथेच्छ भांडतात. नाथांनी भेद झाकून ठेवले नाहीत, आणि तरी शेवट समेटाचा केला आहे. भेद बोलून दाखवूनही मिठी मारता येते, हे नाथांना ठाऊक होते.

आमच्या संप्रदायाला हे नवे नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद बाबा जन्माने मुसलमान; त्यांनी 'योगसंग्राम' लिहिला आणि संतमालिकेत त्यांचे स्थान आहे. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की पहिली आरती होते ती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी. कथा अशी सांगतात की या फकिराचा कटोरा कुठल्याच घरी भरेना. तुकोबांच्या दारी त्यांच्या मुलीने चिमूटभर पीठ घातले आणि कटोरा भरला. पालखी सोहळा सुरू झाला १६८५ साली. आजही पंढरीची वाट त्या दर्ग्यापाशी क्षणभर थांबून मग पुढे जाते, आणि विठोबाने कधी तक्रार केलेली नाही.

आणि आमच्या वारीची बोलीच पाहा. 'चोपदार' हा शब्द फारसी, चोब म्हणजे काठी; काठी धरणारा तो चोपदार. 'निशाण' फारसी, 'मुक्काम' अरबी, 'नगारा' अरबी. कपाळी लावतो त्या अबिराचे नावही अरबी. चोपदाराने काठी उंचावली की लाखोंचा समाज शांत होतो, आणि कुणाच्या मनात येत नाही की हा शब्द कुठल्या वाटेने आला. जे आपल्यात मुरले ते आपले झाले. त्याचे ऋण मात्र विसरू नये.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. शेजाऱ्याने मान दिला, त्याचे काय करायचे?

आम्हाला वाटते, पहिली गोष्ट ही की त्याला हक्क करू नये. ज्यांनी एकादशीसाठी कुर्बानी पुढे ढकलली त्यांनी ती प्रेमाने ढकलली. पुढच्या वेळी योग येईल तेव्हा आपण जर आधीच पंचायतीत जाऊन म्हणू लागलो की "मागे केलेत ना, मग आताही केलेच पाहिजे," तर आपण भिक्षेचा कर केला. वारकऱ्याला माधुकरीचा अर्थ कळतो. दारात उभे राहून घातले ते घ्यायचे; भांडे पुढे सरसावून मोजून मागायचे नाही. मान मागून मिळाला की तो मान राहात नाही, वसुली होते. ज्याच्याकडून वसूल केला त्याच्या मनात त्या एकादशीबद्दल काय राहील? आपल्या व्रताचे नाव घेताच शेजाऱ्याच्या कपाळाला आठी पडावी, हे विठोबाला आवडेल काय?

दुसरी गोष्ट, न मागता परतफेड करावी. परतफेड मोठी नको. २०२४ आणि २०२५ प्रमाणे आषाढीच्या दिवशीच आशुरा आला आणि गावात ताबूत निघणार असला, तर देवळातले कीर्तन घटकाभर मागे-पुढे घेता येते. कर्णा जरा खाली आणता येतो. करबलेच्या तहानेची आठवण म्हणून पाणी पाजतात, तिथे आपणही एक रांजण भरून ठेवू शकतो. उपवास असला तरी पाणी पाजायला उपवास आड येत नाही. वारीच्या वाटेवर मुसलमान मंडळी चहा-पाणी घेऊन उभी असतात, आपण त्यांना 'माउली' म्हणून ते घेतो. तेच माउलीपण मोहरमच्या रात्री आपल्या हाताने द्यावे.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचा मोहरम पाहण्याजोगा आहे. तिथले उंच उंच ताबूत प्रसिद्ध आहेत. त्यातल्या काही ताबुतांचा मान हिंदू घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मिरवणुकीत हे ताबूत एकमेकांना भेटतात आणि ती भेट पाहायला लांबलांबून लोक येतात. पंढरीच्या वाटेवर माउलींच्या आणि सोपानकाकांच्या पालख्यांची बंधुभेट ज्याने पाहिली आहे, त्याला कडेगावची ती भेट समजावून सांगावी लागणार नाही. दोन्हीकडे माणसांचे डोळे तसेच भरून येतात. दोन्ही भेटी एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. एक बंधुप्रेमाची, दुसरी शोकाची. पण भेटीसाठी जीव थांबतो तो सारखाच.

कोणी विचारील, "समोरचा मान देणारा नसला तर? त्याने आपल्या सणाची कदर केली नाही तर?" अशीही गावे आहेत, अशीही माणसे आहेत, दोन्हीकडे आहेत. त्यावर आमचे म्हणणे इतकेच की वारकरी पाया पडतो तो समोरचा आधी वाकला की नाही हे पाहून पडत नाही. वारीत कुणी कुणाच्याही पायाला हात लावतो. लहानाने थोराच्या, थोराने लहानाच्या. आधी कोण वाकले याची वही आपण तिथे ठेवत नाही. मग गावी परतल्यावर शेजाऱ्यासाठी ती वही का काढावी?

तेव्हा माळकऱ्याने शेजाऱ्याच्या सणाला खुशाल जावे. जाताना माळ काढू नये, लपवूही नये. चालत नाही ते नम्रपणे नाकारावे, चालते ते आनंदाने घ्यावे. शोकाच्या ठिकाणी गप्प राहावे, आनंदाच्या ठिकाणी हसावे. बंद दारापाशी थांबावे, उघड्या दारातून आत जावे. आणि घरी येऊन आपला हरिपाठ चुकवू नये. इतके ज्याला साधेल त्याची निष्ठा कुणाच्या सणाने कमी होणार नाही, आणि त्याच्या निष्ठेची कुणा शेजाऱ्याला धास्तीही वाटणार नाही.

पुढच्या कोणत्यातरी साली चंद्र पुन्हा ही गाठ घालील. तेव्हा आज जी पोरे दिंडीत झेंडा धरून चालतात ती कर्ती झालेली असतील. त्यांना आपल्याकडून वादाची जुनी कागदपत्रे मिळावीत की भरलेला रांजण मिळावा, हे आपल्या आजच्या वागण्यावर आहे.

रामकृष्णहरि.